नव्या नकाशाकाराला शिकवताना : मराठवाड्यातल्या ओपनस्ट्रीटमॅप मार्गदर्शकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपनस्ट्रीटमॅप हा कोणालाही संपादित करता येणारा जगाचा नकाशा आहे. 2004 साली स्टीव्ह कोस्ट यांनी इंग्लंडमध्ये त्याची सुरुवात केली. खालची उत्तरं जुन्या, हात बसलेल्या स्वयंसेवकांसाठी आहेत. कॉलेजची विद्यार्थिनी, ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक, एखादा तरुण शेतकरी, असं कोणीतरी ‘आमचं गाव नकाशावर नीट दिसत नाही, काय करू?’ असं विचारत येतं. त्या क्षणापासून पुढे काय करायचं, त्याबद्दलची ही उत्तरं आहेत.

मार्गदर्शकाचं नेमकं काम काय?

नव्या माणसाचा पहिला बदल नकाशावर टिकेल आणि काही दिवसांनी तो न विचारता बदल करू लागेल, इथपर्यंत त्याला नेणं. गाव सुंदर दिसावं म्हणून आपणच रात्रभर बसून सगळ्या इमारती काढणं हे मार्गदर्शन नव्हे.

आलेला माणूस अवजाराला नवा असतो, जागेला नसतो. कोणती पांदण अजून वापरात आहे, कोणती शेजारच्या शेतात नांगरली गेली, पावसाळ्यात तांड्यावरची मुलं कोणत्या वाटेने शाळेत येतात, हे त्याला माहीत असतं. आपल्याला उपग्रहचित्रात फक्त एक फिकट रेघ दिसते. म्हणून काही सांगण्याआधी विचारा, ‘ही वाट कुठून कुठे जाते? तिच्यावरून ट्रॅक्टर जातो की फक्त माणसं?’ या उत्तरांवरूनच टॅग, म्हणजे ती गोष्ट काय आहे हे सांगणारी नकाशातली नोंद, ठरतो. आणि माऊस शेवटपर्यंत त्याच्याच हातात राहू द्या. स्क्रीन शेअर करून शिकवत असाल तर स्क्रीन त्याची असावी, तुमची नाही.

पहिल्या बैठकीत काय काय करायचं?

साधारण सव्वा तास धरा. संगणक किंवा लॅपटॉप लागतोच, कारण ओपनस्ट्रीटमॅपचा ब्राउझरमध्ये चालणारा आयडी (iD) एडिटर, म्हणजे नकाशात बदल करण्याचं साधन, मोबाईलच्या पडद्यावर हाताळता येत नाही. बोट घसरून रस्ते सरकतात आणि ते कळतही नाही.

खातं त्यालाच उघडू द्या. वापरकर्त्याचं नाव सगळ्या जगाला दिसतं, तेव्हा त्यात फोन नंबर किंवा जन्मवर्ष नको. खात्री करण्याची मेल पुष्कळदा स्पॅममध्ये जाऊन पडते, आधी तिथे बघायला सांगा. एडिटर पहिल्यांदा उघडला की तो ‘वॉकथ्रू’ म्हणजे सराव-धडा पुढे करतो. तो टाळू नका. सरावातलं काहीही खऱ्या नकाशावर जात नाही, त्यामुळे तिथे बिनधास्त चुका करता येतात. हा धडा टाळलेला माणूस हमखास खऱ्या नकाशावर ‘टेस्ट’ नावाची इमारत काढून ठेवतो.

मग त्याच्या गावावर जा, इमारती सुट्या सुट्या दिसतील इतकं जवळ, आणि तीनच गोष्टी करा. एक बिंदू, म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा किंवा दवाखाना. एक रेघ, म्हणजे नकाशावर नसलेली गल्ली. एक क्षेत्र, म्हणजे एखादी इमारत. कीबोर्डवर 1 दाबलं की बिंदू, 2 ला रेघ, 3 ला क्षेत्र. इमारतीचे चारही कोपरे झाले की क्यू दाबायला सांगा, कोपरे काटकोनात येतात. गल्ली आधीच्या रस्त्याला जोडताना शेवटचा बिंदू त्या रस्त्यावरच टेकला पाहिजे, नुसता जवळ असून भागत नाही. दोन बिंदूंत हातभर फट राहिली तरी मार्ग दाखवणाऱ्या ॲपच्या लेखी तो रस्ता तुटलेलाच असतो.

शेवटी सेव्ह. ‘मॅप अपडेट केला’ ही नोंद कोणाच्याच कामाची नाही. ‘मंठा तालुक्यातल्या आमच्या गावात शाळा आणि दोन गल्ल्या जोडल्या, प्रत्यक्ष माहितीवरून’ अशी नोंद मराठीत लिहिली तर उत्तम. त्याच चौकटीत ‘माझे बदल कोणीतरी तपासावेत’ अशा अर्थाचा पर्याय असतो, त्यावर खूण करायला लावा. तपासणाऱ्यांना अशा खुणेचे बदल ‘ओएसएमचा’ (OSMCha) नावाच्या बदल तपासण्याच्या साधनात वेगळे गाळून बघता येतात.

सेव्ह झाल्याशिवाय बैठक संपवू नका. काही मिनिटांत बदल मुख्य नकाशावर दिसू लागतो, तो त्याच्या डोळ्यांनी दिसला पाहिजे. मात्र मोबाईलमधल्या ऑफलाइन नकाशांच्या ॲपमध्ये तो यायला काही आठवडे लागू शकतात, हेही त्याच वेळी सांगून ठेवा. नाहीतर चार दिवसांनी ‘माझं काम उडवलं’ असा निरोप येतो.

संगणकच नाही. फक्त मोबाईल असेल तर?

अँड्रॉइड फोनवर स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप द्या. ते समोरच्या गोष्टीबद्दल साधे प्रश्न विचारतं, जसं की रस्ता डांबरी आहे की मातीचा, दुकान किती वाजता उघडतं. उत्तर थेट नकाशात जातं. दुकानं, दवाखाने, हातपंप असे बिंदू टाकायला एव्हरी डोअर बरं, ते आयफोनवरही चालतं. प्रश्नाचं उत्तर त्या जागी उभं राहूनच द्यायचं, घरी बसून आठवणीने नाही, हा एकच नियम कडक ठेवा. बिंदू टाकण्याआधी मोकळ्यावर अर्धा मिनिट थांबायला सांगा, जीपीएस तोवर स्थिर होतं.

नव्या माणसाला कोणती कामं देऊ नयेत?

जिल्हा-तालुक्यांच्या सीमा, राष्ट्रीय महामार्ग, गोदावरीसारखी मोठी नदी आणि शहरांची मुख्य नावं. सीमा आणि नदीचं पात्र हे अनेक तुकडे गुंफून केलेले ‘रिलेशन’ असतात. एक तुकडा पुसला की अख्खं पात्र किंवा अख्खा तालुका तुटतो, आणि पुसणाऱ्याला आपण काय केलं याचा पत्ताही नसतो.

त्याच्या कामात चूक दिसली. आपण गुपचूप दुरुस्त करायची का?

शक्यतो नाही. मार्गदर्शनात सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याला दुरुस्तीला दोन मिनिटं लागतात, समजावून सांगायला वीस. म्हणून आपण दुरुस्त करून मोकळे होतो. पण नव्या माणसाला तोच नकाशा दुसऱ्या दिवशी वेगळा दिसतो, का ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी तीच चूक पुन्हा होते. चार वेळा असं झालं की तो येणंच थांबवतो. चूक त्याची, तर दुरुस्तीही त्याच्याच हातून व्हावी. आपलं काम बोट दाखवण्यापुरतं.

एका वेळी सेव्ह केलेल्या बदलांचा मिळून एक बदलसंच होतो, आणि प्रत्येक बदलसंचाखाली चर्चेची जागा असते. तिथे लिहिण्याची एक रीत अंगी बाणवा. आधी काय बरोबर झालं ते, मग एकच दुरुस्ती, मग ती का, आणि शेवटी ती कशी करायची. उदाहरणार्थ :

‘नमस्कार, शाळा आणि गल्ल्या छान जोडल्यात, इमारतींचे कोपरेही नीट आहेत. एक गोष्ट पाहाल का? गावाबाहेरचा ओढा तुम्ही उताराच्या उलट्या दिशेने काढला आहे. ओढ्याची रेघ पाणी वाहतं त्या दिशेने लागते, म्हणजे पुराचा अभ्यास करणाऱ्यांना ती वापरता येते. रेघ निवडून व्ही दाबलं की दिशा उलटते. अडलं तर इथेच विचारा.’

याउलट ‘चुकीचं टॅगिंग. आधी विकी वाचा.’ हेही लोक लिहितात. यातून शिकायला काहीच मिळत नाही. विकीचा, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीपानांचा, दुवा द्यायचाच तर सोबत त्यातला नेमका भाग दोन ओळींत मराठीत सांगा.

दहा चुका असतील तर दहा सांगू नका. ज्यामुळे रस्ता तुटतो किंवा माहिती खोटी ठरते ती आधी, रंगरंगोटी नंतर. एक व्यावहारिक अडचणही आहे. या चर्चेची सूचना फक्त मेलवर जाते आणि आपल्याकडची बरीच मंडळी मेल उघडतच नाहीत. उत्तर आलं नाही म्हणजे माणूस उद्धट आहे असं धरू नका. ज्या गटात ओळख झाली तिथे ‘मेल बघा, एक नोंद टाकली आहे’ एवढं कळवा आणि आठवडाभर वाट पाहा.

ताबडतोब हात घालावा असे प्रसंग मोजके आहेत : महामार्ग तुटला, मोठं काहीतरी पुसलं गेलं, कोणाची खासगी माहिती नकाशावर आली, किंवा माल दुसरीकडून उचललेला आहे. तेव्हाही बदलल्यानंतर काय केलं आणि का, हे त्याच जागी लिहा. पुसलेल्या गोष्टीचा इतिहास सर्व्हरवर राहतो आणि ती परत आणता येते, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं तर त्याची निम्मी भीती जाते.

त्याने गूगल मॅप्सवर बघून नावं टाकली आहेत. आता?

ती काढावी लागतात. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती सप्टेंबर 2012 पासून ओडीबीएल या मुक्त परवान्याखाली दिली जाते. त्याच्याशी जुळणारी परवानगी ज्या स्रोताने दिलेली नाही, तिथून नाव, रस्ता, दुकानाचा फोन नंबर यातलं काहीच उचलता येत नाही. गूगलचा नकाशा, त्यावरचं उपग्रहचित्र, रस्त्यावरची छायाचित्रं, सगळंच वर्ज्य. सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो म्हणून गावनकाशा वापरता येतो असंही नाही, परवान्याचे शब्द पाहावे लागतात.

मुलं हे मुद्दाम करत नाहीत. ‘सगळे तिथूनच बघतात’ ही सवय असते. म्हणून रागावण्याऐवजी पर्याय द्या. गावातल्या पाटीचा फोटो स्वतः काढा, शाळेच्या भिंतीवरचं नाव वाचा, वडीलधाऱ्यांना विचारा. एडिटरमध्येच जी उपग्रहचित्रं निवडायला दिलेली असतात, ती वापरायला मोकळी आहेत.

पांदण रस्ता, शिवरस्ता, वस्ती, आखाडा, तांडा, यांना टॅग कोणते?

मराठवाड्यात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि इंग्रजीतली मार्गदर्शिका इथे थोडंच पुढे नेते.

रस्त्याचा टॅग त्याच्या कामावरून ठरतो, त्यावर डांबर आहे की माती यावरून नाही. शेतात जाण्यायेण्यापुरती पांदण असेल तर ‘हायवे=ट्रॅक’ (टॅगमधला ‘हायवे’ म्हणजे कुठलाही रस्ता). पण त्याच मातीच्या वाटेने एखादा तांडा किंवा वाडी मुख्य रस्त्याला जोडली जात असेल, दुसरा रस्ताच नसेल, तर ती ‘हायवे=अनक्लासिफाइड’, आणि पृष्ठभाग वेगळा लिहायचा : ‘सरफेस=डर्ट’. हा फरक कागदी नाही. मार्ग काढणारी बरीच ॲप ट्रॅक टाळतात. तांड्याचा एकमेव रस्ता ट्रॅक म्हणून काढला तर रुग्णवाहिकेच्या चालकाला तिथे जायला वाटच नाही असं दिसेल.

ट्रॅक असेल तर ‘ट्रॅकटाइप’ भरायला शिकवा. ग्रेड 1 म्हणजे पक्का किंवा घट्ट दाबलेला, ग्रेड 5 म्हणजे निव्वळ मऊ माती. काळ्या मातीतली मुरूम न टाकलेली पांदण जवळपास नेहमी 5 असते. एप्रिलमध्ये ती सिमेंटसारखी कडक दिसते, म्हणून नवा माणूस ग्रेड 2 लावतो. ‘जुलैत इथून मोटारसायकल जाते का?’ हा प्रश्न विचारला की उत्तर आपोआप बरोबर येतं. मुरूम टाकून रोलर फिरवलेली पांदण 2 किंवा 3. गावातल्या घरांमधल्या गल्ल्या ‘रेसिडेन्शियल’.

लोकवस्तीचं बघू. महसुली गाव ‘प्लेस=व्हिलेज’. वाडी किंवा तांडा बहुधा ‘प्लेस=हॅम्लेट’. तांडा मोठा असेल, स्वतःची शाळा आणि दुकानं असतील, तर तो व्हिलेज म्हणायलाही हरकत नाही. सरकारदरबारी तो दुसऱ्या गावात मोजला जातो म्हणून नकाशावर त्याला लहान करू नका. शेतातली एक-दोन घरांची वस्ती ‘आयसोलेटेड ड्वेलिंग’. परभणी-नांदेडकडे ज्याला आखाडा म्हणतात, तिथे कुटुंब बारमाही राहत असेल तरच हे लावा. नुसता गोठा आणि कडब्याची गंज असेल तर साधी इमारत काढून सोडा. शेतवस्तीला मालकाचं नाव देण्याचा मोह नव्यांना फार होतो. आजूबाजूचे सगळे त्या जागेला त्या नावाने ओळखत असतील तरच द्या. राहत्या घरावर, खासगी विहिरीवर माणसाचं नाव नको.

ओढा, फरशी पूल, शेततळं?

वर्षातले सात-आठ महिने कोरडा राहणारा ओढा हाही ओढाच. ‘वॉटरवे=स्ट्रीम’ आणि सोबत ‘इंटरमिटंट=येस’. उन्हाळ्यातलं चित्र बघून ‘इथे पाणी नाही’ म्हणत कोणी ओढा पुसला, तर चित्र कोणत्या महिन्याचं आहे ते आधी तपासायला शिकवा.

रस्ता ओढ्याला छेदतो तिथे एडिटर इशारा देतो आणि पूल जोडा, बोगदा जोडा असे पर्याय पुढे ठेवतो. नवा माणूस पहिल्या पर्यायावर टिचकी मारतो आणि नकाशाभर नसलेले पूल उभे राहतात. प्रत्यक्षात तिथे नळकांडी घातलेली असेल तर ओढ्याच्या तेवढ्या तुकड्याला ‘टनेल=कल्व्हर्ट’. पाणी रस्त्यावरूनच वाहत असेल तर छेदबिंदूवर ‘फोर्ड=येस’. आणि आपला फरशी पूल, म्हणजे ठेंगणा, कठडे नसलेला, पुरात पाण्याखाली जाणारा, तो ‘ब्रिज=लो वॉटर क्रॉसिंग’. गावकऱ्याला फक्त एवढंच विचारा : पूर आला की गाडी थांबते का?

शेततळं ‘नॅचरल=वॉटर’ आणि ‘वॉटर=पाँड’. पाझर तलावाला ‘वॉटर=रिझर्व्हॉयर’, आणि बांधाची रेघ वेगळी ‘वॉटरवे=डॅम’. नाथसागर, माजलगाव, येलदरी अशा मोठ्या जलाशयांची कडा दरवर्षीच्या नव्या चित्राप्रमाणे आत-बाहेर करत बसू नये. भरलेल्या पातळीची कडा एकदा नीट असली की पुरे.

गावांची मराठी नावं कशी टाकायची?

भारतात ‘नेम’ या मुख्य जागेत बहुतेक ठिकाणी रोमन लिपीतलं नाव चालत आलं आहे. मराठी नाव ‘नेम:एमआर’ या जागेत जातं. मराठवाड्यातल्या नव्या माणसाने सर्वात लवकर आणि सर्वात चांगलं करावं असं काम हेच, कारण त्याला लागणारं ज्ञान त्याच्याकडे आधीपासून असतं.

रोमनवरून यंत्राने देवनागरी करू नका. यंत्राला परळीतला ळ दिसत नाही, ते ‘परली’ करतं. कळमनुरीचं ‘कलमनुरी’, कळंबचं ‘कलंब’. रोमनमध्ये गेवराई आणि केज ज्या स्पेलिंगने लिहितात त्यावरून तर मूळ नाव ओळखूही येणार नाही. ळ-ल, ण-न आणि ऱ्हस्व-दीर्घ यांचा निकाल गावच्या पाटीवर किंवा शाळेच्या शिक्क्यावर लागतो.

बु. आणि खु. नको. बुद्रुक, खुर्द असं पूर्ण लिहा. शिरूर एकच नाही. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद आहे. लोक बोलताना नुसतं शिरूर म्हणत असले तरी मुख्य नावात पूर्ण नाव द्या आणि बोलीतलं रूप ‘ऑल्ट नेम’मध्ये.

ग्रामपंचायतीच्या जुन्या टाइप केलेल्या यादीतून नावं चिकटवली तर नकाशावर भलतीच अक्षरं येतात. ती यादी बहुतेकदा युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असते. तिथून नक्कल न करता नाव नव्याने टाइप करायला लावा. मोबाईलवर जीबोर्ड, संगणकावर इनस्क्रिप्ट, काहीही चालेल.

एकाच नावाची दोन गावं दिसतात. एक पुसावं का?

थांबा. हा प्रश्न इथे खास आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली बरीच गावं नव्या जागी वसवली गेली. किल्लारी हे त्यातलं सर्वांना माहीत असलेलं. जायकवाडी धरणामुळे पैठण परिसरातली गावंही उठून दुसरीकडे गेली. त्यामुळे जुन्या नोंदीत नाव एका जागी आणि लोक दुसऱ्या जागी, असं होतं.

आज लोक राहतात तिथे ‘प्लेस=व्हिलेज’. जुन्या जागेचं नाव लोकांच्या तोंडी अजून असेल तर ती ‘प्लेस=लोकॅलिटी’, नाव ‘जुने अमुक’. काही घरं अजून राहती असतील तर तसा टॅग. जलाशयाचं पाणी ओसरल्यावरच्या चित्रात जुन्या बांधकामांच्या खुणा दिसल्या तर त्या वापरातल्या इमारती म्हणून काढू नयेत. हे काम मात्र त्या गावच्या माणसाशिवाय करूच नका. दुरून पाहणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही.

छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव यांच्या नावांवरून कोणी वाद घातला तर?

नामांतरं 2023 मध्ये अधिकृत झाली. जुनं नाव पुसायचं नसतं, त्यासाठी ‘ओल्ड नेम’ ही जागा आहे आणि शोधात ते सापडलं पाहिजे. नवा माणूस या शहरांच्या मुख्य नावाला हात लावत असेल तर त्याला त्याच्या गावाकडे वळवा. दोन जण एकमेकांचे बदल उलटवत बसले तर तिसरा उलटा बदल आपण करू नये. चर्चेच्या जागी लिहावं, आणि न थांबल्यास ओपनस्ट्रीटमॅपचे वाद हाताळणाऱ्या डेटा वर्किंग ग्रुपकडे द्यावं. खातं थोडा वेळ अडवण्याचा अधिकार त्यांना आहे, आपल्याला नाही.

दोन उपग्रहचित्रांत रस्ता वेगवेगळ्या जागी दिसतो. खरा कोणता?

चित्रं जमिनीवर बसवताना काही मीटर सरकलेली असतात, कधी त्याहून जास्त. नवा माणूस चित्र बदलतो, सगळं सरकलेलं दिसतं आणि तो गावाचं गाव ‘दुरुस्त’ करत सुटतो. आधीच लोकांनी नोंदवलेल्या जीपीएस रेघा एडिटरमध्ये चालू करता येतात. त्या अनेक असतील तर त्यांच्या मधोमध रस्ता धरा आणि चित्र तेवढं सरकवून घ्या, रस्ता नाही. रेघा नसतील तर आधीच्या कामाशी जुळवून घ्या. एका गावात एकच चित्र, हा नियम नव्यांसाठी पुरेसा आहे.

काम चालू असताना वीज गेली. सगळं गेलं का?

बहुधा नाही. त्याच संगणकावर तोच ब्राउझर पुन्हा उघडला की आयडी एडिटर अर्धवट बदल परत आणू का असं विचारतो. ‘टाकून द्या’ वर बोट पडू देऊ नका. सायबर कॅफेत किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये ब्राउझर बंद होताना सगळं पुसलं जात असेल तर मात्र ते गेलंच. वीस-तीस बदलांनंतर सेव्ह करण्याची सवय लावा. त्याचा दुसराही फायदा आहे, बदलसंच लहान राहिला की तपासणाऱ्याला वाचता येतो. अंबडमधली शाळा आणि किनवटमधला रस्ता एकाच संचात आला की तो बघणाऱ्याला निम्म्या मराठवाड्याची चौकट दिसते.

बोलायचं कुठे? व्हॉट्सॲपवर चालेल का?

गट चालेल, एकेकट्याशी खासगीत नको. गटात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इतर चार जण वाचतात. शिवाय तुम्ही शेतात किंवा कामावर असाल तर दुसरं कोणीतरी उत्तर देतं. मुली आणि महिलांच्या बाबतीत हे अधिकच पाळा. नंबर मागू नका, रात्री उशिरा निरोप नको, घरात एकच फोन असेल तर उत्तराला दोन दिवस लागतील हे गृहीत धरा. गटात नंबर दिसतो म्हणून ज्यांना यायचं नाही, त्यांच्यासाठी बदलसंचाखालची चर्चा आणि टेलिग्राम हे पर्याय खुले ठेवा. टेलिग्रामवर नंबर झाकता येतो.

नवे लोक ‘सर, हे बघा’ म्हणत स्क्रीनचा तिरपा फोटो पाठवतात. त्यावर काम करता येत नाही. पत्त्याच्या पट्टीतला दुवा किंवा बदलसंचाचा क्रमांक पाठवायला पहिल्याच दिवशी शिकवा. आणि ‘सर’वरून दादा-ताईवर लवकर या. सरांना चूक दाखवायला लोक कचरतात, आणि मार्गदर्शकाची चूक दाखवता येणं हा शिकण्याचाच भाग आहे.

एका मार्गदर्शकाकडे किती जण असावेत? कॉलेजची कार्यशाळा घ्यायची असेल तर?

चार, फार तर पाच. साठ मुलांच्या लॅबमध्ये एक मार्गदर्शक उभा करू नका. त्या दिवशी जेवढ्या चुका होतात त्या निस्तरायला पुढचे महिने जातात. मुलं जास्त असतील तर निम्म्यांना वॉकथ्रू, निम्म्यांना बाहेर पाट्यांचे फोटो आणि नोंदी, मग अदलाबदल. एकाच इंटरनेट जोडणीवरून एकदम खूप खाती उघडली तर अडथळे येऊ शकतात, खाती आदल्या दिवशी घरून उघडून आणायला सांगा.

गटाने ठरवून काम करायचं असेल तर ओपनस्ट्रीटमॅपचे संघटित संपादनाचे नियम आहेत : आधी विकीवर उपक्रमाची माहिती, एक ठरावीक हॅशटॅग, संपर्काला एक माणूस. गुण मिळतात म्हणून मुलांना ‘प्रत्येकी शंभर इमारती’ असं लक्ष्य देऊ नका. शंभर चौकोन येतात, त्यात कडब्याच्या गंजी आणि कांदाचाळीही घरं होतात. ‘प्रत्येकी तुमच्या गावच्या पाच गोष्टी, स्वतः पाहिलेल्या’ असं सांगा.

तो गप्प झाला. पाठपुरावा करायचा का?

एकदा. पेरणी, परीक्षा, लग्नसराई, ऊसतोडीला गेलेलं कुटुंब, कारणं पुष्कळ असतात. ‘काम का थांबलं?’ असं विचारू नका. ‘तुम्ही जोडलेल्या गल्लीच्या पुढे एक वाट दिसते, ती कुठे जाते?’ असा ज्याचं उत्तर फक्त त्यालाच देता येईल असा प्रश्न पाठवा. उत्तर आलं नाही तर राहू द्या. खातं तसंच राहतं, दोन वर्षांनीही परत येता येतं.

जोसमकडे कधी न्यावं?

जोसम हे संगणकावर बसवायचं जास्त ताकदीचं साधन आहे. माणूस आयडी एडिटरमध्ये स्वतःहून ‘हे एकेक करत बसावं लागतं, एकदम होत नाही का?’ असं विचारू लागला की ती वेळ आली. त्याआधी दिलं तर तो एका टिचकीत शेकडो गोष्टी बिघडवू शकतो. शिकवताना क्रम असा : आधी हवा तेवढाच लहान भाग उतरवणं, मग व्हॅलिडेटर, म्हणजे चुका शोधून देणारी सोय, चालवणं, त्यातले इशारे वाचणं, आणि सगळ्यात शेवटी वर चढवणं. व्हॅलिडेटरने सांगितलं म्हणून जुन्या लोकांचं काम आपोआप दुरुस्त करणारं बटण दाबायचं नाही, फक्त आपण केलेल्या बदलांवरचे इशारे सोडवायचे.

आपली गरज संपली हे कसं ओळखायचं?

तो दुसऱ्या कोणाच्या बदलसंचाखाली, न सांगता, नमस्कार घालून एक दुरुस्ती समजावून सांगताना दिसतो. तेव्हा त्याच्या कामावरची नजर काढून घ्या आणि पुढच्या वेळी गटात नवा माणूस आला की उत्तर आधी त्याला देऊ द्या. त्याच्या उत्तरात काही राहिलं असेल तर ते त्याला वेगळं कळवा, भर तोच घालेल.